‘गरोदरपणात माझं काही चुकलं का?’ – लवकर वयात येणाऱ्या मुलीच्या आईला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पावणेआठ वर्षांची. महिन्यापूर्वी आंघोळ घालताना आईच्या हाताला तिच्या डाव्या छातीत सुपारीएवढी गाठ लागली, दाबलं की दुखते. उंची १३१ सेंमी, वजन ३३ किलो. गरोदरपणात आईचं बीपी वाढलं होतं, मुलगी ३७व्या आठवड्यात झाली, जन्माचं वजन २ किलो १०० ग्रॅम. आईची स्वतःची पाळी अकराव्या वर्षी आली होती. वाढ थांबवणारं इंजेक्शन द्यावं का, हेही तिने शेवटी विचारलंय. सासूबाई ब्रॉयलर कोंबडीला दोष देतात, नवरा मोबाइलला, आणि आईला रात्री झोप लागत नाही, कारण तिला वाटतं की पोटात असतानाच आपल्याकडून काहीतरी राहून गेलं.

आधी गाठीबद्दल. या वयात, स्तनाग्राच्या बरोबर खाली, बटणासारखी आणि दाबली की दुखणारी गाठ म्हणजे जवळजवळ नेहमीच स्तनाच्या वाढीची सुरुवात. दोन्ही बाजू एकदम सुरू होतातच असं नाही. दुसरी बाजू काही आठवड्यांनी, कधी चार-सहा महिन्यांनीही उगवते. कॅन्सरचा विचार मनातून काढून टाका. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते: कुणी ‘छोटंसं ऑपरेशन करून काढून टाकू’ किंवा ‘तुकडा तपासायला पाठवू’ म्हणालं, तर मुलीला उचला आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. पुढचा आख्खा स्तन त्या बटणातूनच वाढायचा असतो. ते काढलं की त्या बाजूला पुढे काही येतच नाही. माझ्याकडे अशी एक मुलगी पंधराव्या वर्षी आली होती, आठव्या वर्षी गाठ ‘काढलेली’. तिच्या आईला सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नव्हतं.

दुसरा प्रश्न, ती खरंच स्तनाची वाढ आहे की नुसती चरबी? वजन ३३ किलो आहे म्हणून विचारते. उभं राहिलेल्या गुटगुटीत मुलीची छाती भरलेली दिसते, पण तिला उताणं झोपवलं की चरबी दोन्ही बाजूंना पसरते आणि स्तनाग्राखाली बोटांना पोकळ लागतं. खरी वाढ असेल तर बोटांच्या चिमटीत रबरासारखी, कडा असलेली चकती सापडते आणि मूल ‘आई गं’ म्हणतं. तुम्ही लिहिलंय तसं दुखत असेल तर ती बहुधा खरीच आहे. तरी एकदा जाणत्या हाताने तपासून घ्या. नुसत्या फोटोवरून आणि सोनोग्राफीच्या कागदावरून हे ठरवू नये. (आणि असे फोटो व्हॉट्सअॅपवर कुणालाच पाठवू नका, मलाही नको.)

आता वयाचं. पुस्तकात मुलींसाठी रेघ आठ वर्षांवर ओढलेली आहे: आठच्या आत स्तनांची वाढ सुरू झाली तर ‘अकाली’ म्हणायचं. ही रेघ मुळात जुन्या मोजमापांवर उभी आहे. इंग्लंडमध्ये टॅनर आणि मार्शल यांनी एका बालगृहातल्या मुलींची वर्षानुवर्षं नोंद ठेवून १९६९ मध्ये जे आकडे छापले, त्यात स्तनवाढीचं सरासरी वय ११.१५ वर्षं होतं आणि पहिल्या पाळीचं साडेतेराच्या आसपास. त्यानंतर चित्र बदललं. अमेरिकेत १९९७ साली सतरा हजारांवर मुलींची पाहणी आली, तिथे गोऱ्या मुलींमध्ये सरासरी दहाच्या किंचित आत आणि कृष्णवर्णीय मुलींमध्ये नऊच्याही आत निघाली. कोपनहेगनमध्ये तर एकाच शहरात दोनदा मोजलं: १९९१ मध्ये १०.८८ आणि २००६ मध्ये ९.८६. पंधरा वर्षांत एक वर्ष अलीकडे! पण त्याच कोपनहेगनमध्ये पहिली पाळी मात्र जेमतेम साडेतीन महिन्यांनी अलीकडे आली होती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. आपल्याकडे भारतभरच्या विवाहित स्त्रियांना विचारून केलेल्या पाहणीत पहिल्या पाळीचं वय दर दशकाला सुमारे एक महिन्याने खाली येताना दिसलं. म्हणजे हळूहळू; ‘आजकाल सगळ्याच मुली तिसरीत शहाण्या होतात’ असं नाही.

सगळ्या जगातच ही घसरण असेल, तर ती एकट्या तुमच्या पोटात घडलेली नाही, एवढं तरी मान्य कराल?

तरीही आईचा भाग असतो, तो लपवणार नाही. सगळ्यात मोठा भाग तुमच्या पत्रातल्या एका ओळीत आहे: तुमची पाळी अकराव्या वर्षी आली. जुळ्या मुलींच्या अभ्यासांवरून दिसतं की वयात येण्याच्या वेळेत जो फरक असतो त्यातला निम्म्याहून जास्त वारशाने ठरतो. ज्यांची स्वतःची पाळी लवकर, त्यांच्या मुलींचीही लवकर, हे मी ओपीडीत रोज बघते. आईला विचारावं तर ती आधी म्हणते, ‘माझी वेळेवरच आली.’ मग सोबतची आजी मधेच सांगते, ‘कुठली वेळेवर, पाचवीत होतीस, वर्गात पहिली तूच, महिनाभर शाळा बुडवलीस.’ म्हणून मी नेहमी आजीकडे बघून विचारते.

आणि वारसा म्हणजे फक्त आई, असंही नाही. २०१३ मध्ये एका जनुकाचा शोध छापून आला, नाव एमकेआरएन३. वयात येण्याची वेळ ठरवणारं एक घड्याळ मेंदूत असतं, त्याच्यावर हे जनुक ब्रेकसारखं काम करतं. त्याची गंमत अशी की आईकडून आलेली प्रत शरीरात बंदच असते, चालते ती फक्त वडिलांकडून आलेली. त्यामुळे बिघडलेली प्रत वडिलांकडून आली तर मुलगी लवकर वयात येते, आणि तीच प्रत आईकडून आली तर काहीच होत नाही. अशा घरात आईची पाळी कधी आली हे विचारून हाती काही लागत नाही.  वडिलांना विचारावं लागतं की तुमचा आवाज कितव्या वर्षी फुटला, मिसरूड कधी आलं. बाप लोक या प्रश्नावर खिडकीबाहेर बघतात. आपल्या घरी हेच आहे असं मी म्हणत नाही, असं कारण थोड्याच घरांत सापडतं. पण ‘आईकडूनच आलं असणार’ म्हणणाऱ्यांना ऐकवायला बरं.

हे घड्याळ म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये काही पेशी असतात, त्या ठोके द्यावेत तसं एक हार्मोन सोडतात. त्यावर मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी जागी होते, तिच्यामुळे बीजांडकोश जागे होतात आणि इस्ट्रोजेन तयार होतं. जन्मानंतर काही महिने ही साखळी चालू असते, मग वर्षानुवर्षं झोपते. (म्हणूनच वर्ष-दीड वर्षाच्या तान्ह्या मुलींनाही छातीत गाठ येते आणि बहुतेकदा आपोआप जाते, त्या आयांनी घाबरू नये.) तिला पुन्हा जागं करणाऱ्या पेशी किसपेप्टिन नावाचा रेणू वापरतात. त्याचं जनुक अमेरिकेतल्या हर्षी गावात सापडलं, आणि तिथल्या ‘किस’ नावाच्या चॉकलेटवरून ते नाव पडलं. चॉकलेट खाल्ल्याने पाळी लवकर येते असा अर्थ कृपया काढू नका. हे सांगते, कारण कुणीतरी काढलेला आहे.

आता गरोदरपण. तुमच्या बाबतीत बीपी आणि बाळाचं कमी वजन. ‘मी नीट खाल्लं नाही म्हणून’ असं तुम्ही लिहिलंय. बीपीमुळे वारेतून बाळाला जाणारा रक्तपुरवठा कमी पडतो आणि बाळ लहान राहतं; त्यात तुमच्या ताटाचा दोष शोधू नका. पण लहान जन्मलेली बाळं हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, म्हणून इथे जरा थांबते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या आया आणि मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथल्या बाळांचं सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं साडेतीन. नुसतं वजन बघितलं तर आपली बाळं सगळीकडून लहान. पण मोजपट्टी आणि कातडीची घडी मोजणारा चिमटा लावल्यावर दिसलं की स्नायू आणि पोटातले अवयव लहान आहेत, चरबी मात्र त्या मानाने राखलेली आहे. वरून रोड, आतून लठ्ठ. याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण शरीरातली चरबी एकाची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराची २१.२. आपण सगळे थोड्याफार फरकाने तसेच. तो अभ्यास मुख्यतः मधुमेहासाठी गाजला, पण माझ्या टेबलासमोर बसलेल्या पावणेआठ वर्षांच्या मुलीलाही तो लागू होतो. कारण मेंदू वयात येण्याचं ठरवताना चरबीकडे बघतो. चरबीतून लेप्टिन नावाचं हार्मोन निघतं (१९९४ मध्ये सापडलं), ते मेंदूला कळवतं की शिदोरी पुरेशी साठली आहे. ज्या मुलांमध्ये लेप्टिन जन्मतःच बनत नाही ती प्रचंड लठ्ठ असूनही वयात येत नाहीत. लेप्टिन एकटं घड्याळ सुरू करत नाही, पण त्याच्या परवानगीशिवाय ते सुरू होत नाही.

तर बाळ नुसतं लहान जन्मलं म्हणून फारसं काही होत नाही. लहान जन्म आणि मग झपाट्याने वजन, ही जोडी पाळी अलीकडे ओढते. बार्सिलोनाच्या लुर्देस इबान्येस यांनी अशा मुलींवर वर्षानुवर्षं काम केलंय: कमी वजनाचा जन्म, मग भरभर भरलेलं अंग, सहा-सात वर्षांत काखेत आणि जांघेत केस, आणि पुढे लवकर पाळी. याचा जास्त ठळक पुरावा स्वीडनमधून आला, आणि त्यातल्या मुली आपल्या होत्या. भारतातून स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या १०७ मुलींची पाहणी तिथल्या डॉक्टरांनी १९९१ मध्ये छापली. पहिल्या पाळीचं मध्यक वय ११.६ वर्षं निघालं, सगळ्यात लहान मुलगी अवघी ७.३ वर्षांची. स्वीडिश मुलींची पाळी यापेक्षा उशिरा, आणि भारतातल्याच सुखवस्तू घरातल्या मुलींचीही उशिरा. जनुकं आपलीच, अन्न तिथलं. म्हणजे कारण ना नुसत्या रक्तात, ना नुसत्या दुधात. ज्या मुली पोचल्या तेव्हा सगळ्यात खुरटलेल्या होत्या आणि नंतर सगळ्यात वेगाने वाढल्या, त्यांची पाळी सगळ्यात लवकर आली. उपाशी शरीराला अचानक भरलेलं ताट मिळालं की ते घाई करतं.

आपल्या घरांमध्ये स्वीडनला न जाताही हेच घडतं. २१०० ग्रॅमचं बाळ घरी येतं, सगळ्यांना त्याची काळजी. सहा महिन्यांनंतर पेजेत चमचाभर तूप, मग दोन चमचे. वर्षाची झाली की चहात बुडवून बिस्किटं, झोपताना बाटलीत साखर घातलेलं दूध. तिसऱ्या वर्षी ती ‘बाळसेदार’ होते, कॉलनीच्या गुटगुटीत बालक स्पर्धेत नंबर येतो, आणि आजीच्या डोळ्यांत पाणी. तिची चूक आहे असं मी म्हणत नाही. तिने भुकेची वर्षं पाहिलेली असतात. पण इथे एक सावधगिरी: हे वाचून कुणी कमी वजनाच्या तान्ह्या बाळाचं खाणं तोडू नका! पहिल्या दोन वर्षांत अशा बाळाने लांबी आणि मेंदू भरून काढणं गरजेचंच असतं. घोटाळा होतो तो दोन वर्षांनंतर, उंची आपल्या रेषेत चालली असताना वजनाची रेघ वरच्या रेषा ओलांडत जाते तेव्हा. म्हणून वाढीचा तक्ता. तुमच्या बालरोगतज्ज्ञाने तो भरला नसेल तर मागून घ्या.

तुम्हाला गरोदरपणात शुगर नव्हती, पण हे वाचणाऱ्या अनेकींना असेल. उत्तर कॅलिफोर्नियात हजारो मायलेकींच्या नोंदींवर केलेल्या अभ्यासात, गरोदरपणी लठ्ठ असलेल्या आणि रक्तातली साखर वाढलेल्या आयांच्या मुलींमध्ये स्तनवाढ काहीशी लवकर दिसली. डेन्मार्कच्या मोठ्या अभ्यासात गरोदरपणी सिगारेट ओढणाऱ्या आयांची मुलं लवकर वयात आली. आपल्याकडे सिगारेट ओढणाऱ्या गरोदर बायका मोजक्या, पण मशेरी लावणाऱ्या आणि तंबाखू मळणाऱ्या भरपूर, आणि त्याला व्यसन समजलंच जात नाही. ‘दात घासते नुसती.’ मुंबईतल्या एका अभ्यासात गरोदरपणी अशी तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. पुढची साखळी तुम्हाला आता माहीत आहे.

पण हे सगळे फरक किती? बहुतेक ठिकाणी थोड्या महिन्यांचे. हजारो मुलींच्या सरासरीत दिसणारा फरक एका मुलीच्या बाबतीत ‘यामुळेच झालं’ असं सांगायला पुरत नाही. आईचं वजन, साखर, तंबाखू यांचा परिणाम मुलीपर्यंत पोचतो तो बऱ्याच अंशी मुलीच्या स्वतःच्या वजनातून. आणि मुलीचं वजन हे या यादीतलं एकमेव कलम आहे ज्याला आज हात लावता येतो.

रसायनांचं बोलते, कारण सगळ्यांना त्याचीच उत्सुकता असते. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९७३ मध्ये पिशव्यांची अदलाबदल होऊन, वस्तूंना सहज आग लागू नये म्हणून वापरलं जाणारं पीबीबी नावाचं रसायन गुरांच्या खाद्यात मिसळलं गेलं. कळेपर्यंत ते दूध, मांस, अंडी यांतून लाखो लोकांच्या पोटात गेलं होतं. हे रसायन चरबीत वर्षानुवर्षं राहतं. त्या बायकांना नंतर मुली झाल्या. पोटात असताना आणि अंगावरच्या दुधातून ज्यांना ते सगळ्यात जास्त मिळालं, त्यांची पाळी सरासरी ११.६ व्या वर्षी आली, बाकीच्यांची साधारण १२.२ ते १२.६. तेव्हा आईमार्फत रसायन पोचतं हे खरं. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनास खोऱ्यातल्या शेतमजूर कुटुंबांत, सुगंधी प्रसाधनांतले थॅलेट आणि काही टूथपेस्ट-साबणांतलं ट्रायक्लोसॅन गरोदर बायकांच्या लघवीत मोजलं, आणि मुलींशी ताडून पाहिलं. प्रमाण दुप्पट झालं की फरक पडला सुमारे महिन्याभराचा. मिशिगनचा अपघात आणि तुमची पावडर यांना एका तागडीत घालू नका. मी स्वतः लहान मुलींना परफ्यूम, नेलपॉलिश आणि लॅव्हेंडरचं तेल रोज लावू नका म्हणते, गरम जेवण प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका म्हणते. पण त्यापायी झोप उडवू नका.

घरात मात्र एक गोष्ट जरूर तपासा: क्रीम आणि पुड्या. पाळी गेल्यावर आजीला दिलेलं इस्ट्रोजेनचं मलम, आजोबांचं हार्मोनचं जेल, गोरं होण्याचं कुठलं तरी बिनलेबलचं क्रीम, ‘उंची वाढवणारी’ पुडी. चार वर्षांच्या एका मुलीची स्तनाग्रं अचानक काळपट झाली होती. सगळ्या तपासण्या झाल्या, आणि शेवटी कारण निघालं आजीच्या मलमाचं. आजी ते लावून तशाच हाताने नातीला भरवायची. मलम बंद झालं, चार महिन्यांत सगळं ओसरलं.

कोंबडी आणि दूध पटकन उरकते. ब्रॉयलर सहा आठवड्यांत वाढते ती निवडलेली जात आणि खाद्य यांच्या जोरावर, तिला इंजेक्शन देत बसणं कुणाला परवडतही नाही. म्हशीला पान्हा सोडण्यासाठी ऑक्सिटोसिन टोचतात ही वाईटच गोष्ट, पण ती म्हशीसाठी वाईट. ते स्त्रीत्वाचं हार्मोन नव्हे आणि पोटात गेलं की प्रथिनासारखं पचून जातं. सोयाबीनची भाजी आठवड्यातून एकदा केली तर काही होत नाही. सासूबाईंच्या कोंबडीपेक्षा तिच्याबरोबर येणाऱ्या कोल्ड्रिंककडे माझं लक्ष जास्त: अमेरिकेतल्या एका अभ्यासात रोज दीड ग्लासाहून जास्त साखरेची पेयं पिणाऱ्या मुलींची पाळी २.७ महिने आधी आली, आणि वजन हिशेबात धरूनही फरक उरला.

मोबाइलबद्दल नवऱ्याचं थोडं बरोबर आहे, पण उलट्या बाजूने. लॉकडाउननंतर इटलीतून आणि आपल्या पुण्यातूनही अशा मुलींची संख्या वाढल्याचे अहवाल आले. पडद्याच्या प्रकाशाने पाळी येते असं सिद्ध झालेलं नाही. पण दीड वर्ष मैदान बंद, झोपेचा बोजवारा, दुपारभर चिवडा, आणि घरातला ताण, हे सगळं एकत्र होतं. आणि आई दिवसभर घरी असल्याने गाठही लवकर हाताला लागली.

ताण हा शब्द सहज लिहिला, पण त्यामागे गंभीर काही आहे. घरातली सततची भांडणं, बाप घरात नसणं, लहानपणीची हिंसा यांचा लवकर पाळीशी संबंध अनेक देशांत दिसला आहे, आणि लैंगिक अत्याचार झालेल्या मुलींमध्ये तर स्तनवाढ कित्येक महिने आधी सुरू झालेली नोंदली आहे. याचा अर्थ लवकर वयात आलेल्या प्रत्येक मुलीवर संशय घ्यावा असा नाही. पण मी प्रत्येक मुलीशी पाच मिनिटं एकटीशी बोलते, आई दाराबाहेर. तुमचे डॉक्टर तसं करू पाहत असतील तर रागावू नका. आणि लक्षात असू द्या, लवकर मोठी दिसणारी मुलगी बाहेरच्या नजरांना अडीच-तीन वर्षं आधी सामोरी जाते. मनाने ती तिसरीतच असते.

आता तुमच्या मुलीचं. सहा वर्षांनंतर सुरू झालेल्या बहुतेक मुलींमध्ये मेंदूत काहीही सापडत नाही. मुलग्यांचं तसं नसतं, त्यांना मी लगेच तपासते. पावणेआठ म्हणजे रेघेला टेकलेली. मला आज सगळ्यात जास्त हवा आहे तो वेग. गाठ चार-सहा महिने तशीच राहते का, की तीन महिन्यांत दोन्ही बाजू भरतात? वर्षाला उंची किती वाढते आहे? दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा, टाचा टेकवून, सकाळी. आठवतं, कोपनहेगनमध्ये गाठ वर्षभर आधी आली, पण पाळी फक्त काही महिन्यांनी? लवकर सुरू होणाऱ्या अनेक मुली पुढे रमतगमत जातात. एरवी गाठ ते पाळी दोन ते अडीच वर्षं लागतात, यांना तीन, कधी जास्तही.

तपासण्या तीनच सांगते. डाव्या हाताचा एक्स-रे, हाडांचं वय बघायला. प्रकाशपेटीवर तो धरला की मी आधी अंगठ्याच्या बुडाशी बघते: तिथे तिळाएवढं एक हाड असतं, मुलींमध्ये ते साधारण अकराव्या वर्षी उगवतं. पावणेआठच्या मुलीच्या हातात तो तीळ दिसला, तर मी खुर्ची पुढे ओढते. दुसरी, सकाळच्या रक्तातलं एलएच, म्हणजे बीजांडकोश जागे करणारं पिट्यूटरीचं हार्मोन. तिसरी टीएसएच, म्हणजे थायरॉइडची, आणि ती विसरली जाते. थायरॉइड फार कमी पडलं तरी स्तन वाढतात. पण अशा मुलीची उंची वाढायच्या ऐवजी थांबलेली असते आणि हाडांचं वय मागे असतं. तिला इंजेक्शन नको, थायरॉइडची गोळी हवी. या तिन्हींमध्ये काही वावगं निघालं किंवा वेग फार असला तरच पोटाची सोनोग्राफी आणि पुढचं. सहाच्या आत सुरुवात, डोकेदुखीबरोबर उलट्या, नजर कमी, अंगावरून रक्त जाणं, यातलं काहीही असेल तर तीन महिने थांबायचं नाही, त्याच आठवड्यात यायचं.

इंजेक्शनबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय. ल्युप्रोलाइड, महिन्याला ३.७५ मिलिग्रॅम किंवा तीन महिन्यांना ११.२५. मेंदूचे ठोके झाकले जातात आणि सगळं जिथल्या तिथे थांबतं. साधारण अकराव्या वर्षी बंद केलं की वर्ष-दीड वर्षात पाळी येते. मूल होण्यावर परिणाम झालेला दिसलेला नाही. पण उंचीचा खरा फायदा होतो तो सहाच्या आत सुरू झालेल्यांना. सात-आठच्या मधल्या, सावकाश चालणाऱ्या, मुळात उंच असलेल्या मुलीला त्यातून फारसे सेंटिमीटर मिळत नाहीत. मी अशा निम्म्याहून जास्त मुलींना नुसतं मोजत बसते. त्याचं बिल कमी होतं म्हणून काही पालकांना वाटतं डॉक्टरने काही केलंच नाही.

वजन उतरवायच्या मागे लागू नका. ३३ वर वर्षभर रोखून धरा, उंची वाढेल तसं ते आपोआप जागेवर येईल. संध्याकाळी तासभर घाम येईल असं खेळणं, बाटलीतली पेयं आणि बेकरी बंद, आणि तिच्यासमोर ‘जाड’ हा शब्द नाही. ‘गाठ’ हाही नको. तिला सांगा की तुझं शरीर जरा लवकर मोठं व्हायला लागलंय, माझंही तसंच झालं होतं, दुखलं तर मला सांग. पाळीबद्दलही साध्या शब्दांत आत्ताच सांगून ठेवा; शाळेच्या बाथरूममध्ये एकटीने रक्त बघून घाबरलेली चौथीतली मुलगी मी पाहिली आहे, तिला वाटलं होतं आपण मरतोय.

येताना प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, लसीकरणाचं पुस्तक आणि शाळेचं हेल्थ कार्ड आणा. गेल्या वर्षीचा गणवेश फेकला नसेल तर तोही आणा, दुमड किती उसवली ते बघून मला बरंच कळतं. आणि सासूबाईंनाही घेऊन या. कोंबडीचं मी त्यांना समजावते, आणि नवऱ्याची मिसरूड कधी फुटली तेही त्यांनाच विचारायचं आहे.